एक वीत स्टेशनमास्तर

१५ जून १९८६, रविवार
आजपासून रोजनिशी. कारण तसेच आहे. मेहुणा अंबादास (बोटीवर फिटर; शिक्षण बेताचे, पगार बेताबाहेर) सुट्टीवर आला आणि हॅम्बुर्गहून विजेवर चालणारी छोटी आगगाडी घेऊन आला. इंजिन, तीन डबे, एक उघडी वाघीण (मालाचा डबा), पुरेसे रूळ, ट्रान्सफॉर्मर. शिवाय बाकावर बसलेला प्लॅस्टिकचा एक जर्मन, माझ्या करंगळीच्या नखापेक्षा किंचित मोठा. 'खेळणे' हा शब्द या घरात यापुढे वापरला जाणार नाही. लेआउट म्हणायचे.
गाडी क्षमाला होणाऱ्या मुलांसाठी आणली, असा रत्नप्रभेचा, म्हणजे सौ.चा, समज. क्षमाला आधी नवरा व्हायचा आहे. वय अठ्ठावीस, चष्मा, वर्ण माझ्या आईचा. आठ स्थळे येऊन गेली. मी हे कधी बोलून दाखवत नाही. आज जेवताना एकदाच म्हटले, की नातवंडे येईपर्यंत रूळ गंजतील. क्षमा ताटावरून उठली. पोरीला विनोद कळत नाही. हा दोष आईकडचा.

१८ जून
लेआउटला जागा हवी. हॉल दहा बाय बारा. रत्नप्रभेची खाट रिकामीच असते (दिवसा). तिच्यावर प्लायवूड टाकले. झकास मावते. रत्नप्रभा खाली गादीवर. जमीन कंबरेला उत्तम, हे तिला आयुर्वेदाच्या आधाराने समजावले. मग तुम्ही का झोपत नाही जमिनीवर, असे तिने विचारले. प्रश्न विषयाला धरून नव्हता.
संकल्प: घरात वाद घालायचा नाही.

२२ जून, रविवार
क्षमाने खोक्यातला कागद वाचला. (कॉलेजात जर्मन घेतले होते. मी संस्कृत घे म्हणत होतो. असो.) तिचे म्हणणे, ही गाडी खऱ्या गाडीचा सत्त्याऐंशीवा भाग आहे, म्हणून माणसे, झाडे, घरे, गुरे सगळे सत्त्याऐंशीवा भागच हवे. माणूस दोन सेंटिमीटर.
दोन सेंटिमीटर! शेंगदाण्याएवढा मनुष्य! त्याला चेहरा कुठे, त्याला पदवी कुठे?
दिवाळीच्या किल्ल्यावरची मातीची गाय माळ्यावरून काढली आणि रुळाशेजारी ठेवली. फार जिवंत दिसते. गाय दोन डब्यांएवढी आहे, असे क्षमा म्हणाली. मी म्हटले, गाय पाहणाऱ्याच्या जवळ आहे. ती म्हणाली, बाबा, गाडी तर तिच्या अलीकडून जाते.
वाद घालायचा नाही हा संकल्प असल्यामुळे मी फक्त तिच्या चष्म्याचा नंबर विचारला.

२९ जून, रविवार
नववे स्थळ! नंदू राणे. बँकेत, घाटकोपर शाखा. आपल्याच पट्ट्यातले, मालवणकडचे. वडील धोंडूराव राणे, स्टेशनमास्तर, कर्जतच्या पुढे कुठेसे. डिसेंबरात रिटायर. आई जानकीबाई, बोलणे थेट मालवणी, नजर त्याहून थेट.
मंडळी लेआउटभोवतीच बसली, कारण दुसरी जागा नव्हती. जानकीबाईंनी पोह्यांची बशी मी पुठ्ठ्याच्या केलेल्या बोगद्यावर ठेवली. धोंडूराव टाचा उंचावल्या तरी पाच फुटांच्या वर जाणार नाहीत. गाडीकडे बराच वेळ पाहत राहिले, मग एवढेच विचारले, की सिग्नल कुठाय. रेल्वेचा माणूस! आमचे जमणार हे मी तेव्हाच ओळखले.
क्षमाने नंदूच्या चहात न विचारता साखर कमी घातली. त्याला कमीच लागते म्हणे. समोरच्याच्या मनातले ओळखण्याची ही शक्ती तिच्यात माझ्याकडून आली.
होकार लगेच नाही. धोंडूरावांना ड्यूटीमुळे यंदा गणपतीला गावी जाता येत नाही. मुलुंडला आमच्या सोसायटीच्या गणपतीचे दर्शन घ्यायला येतील, तेव्हा सुपारी फोडू म्हणाले. म्हणजे सगळे गणपतीवर. पर्यायाने आरास जो करील त्याच्यावर.

५ जुलै
सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश शहा यांना भेटून यंदाची आरास माझ्याकडे घेतली. पंपरूमच्या बाहेरच्या पॅसेजमध्ये गणपती, गणपतीपुढे लेआउट, लेआउटवर खऱ्यासारखे स्टेशन. चंद्रप्रकाश म्हणाले, परबभाय, लाइटबिल कोण भरणार. मोठ्या कल्पनेपुढे लहान माणसाला लाइटबिलच दिसते.
रत्नप्रभा म्हणाली, गावी मोठ्या मुलाने पूजेला बसायचे असते. धाकट्या भावाला, यंदा तू बस, असे पत्र टाकले. त्यालाही मोठेपणाची सवय व्हावी.

१३ जुलै, रविवार
तत्त्व सापडले! सकाळी दाढी करताना.
देवळातल्या जुन्या शिल्पांत राजा मोठा असतो, चवरी ढाळणारी त्याच्या गुडघ्याएवढी. देव नवताल (म्हणजे नऊ मुखांएवढा), मनुष्य अष्टताल, बुटका त्याहून कमी. तिथे कोणी सत्त्याऐंशीवा भाग विचारत नाही. उंची ही योग्यतेप्रमाणे! जर्मनांना हे ठाऊक नसावे याचे नवल नाही. सगळे शेंगदाणे सारखे, ही त्यांची यंत्रबुद्धी.
तेव्हा लेआउटवरची माणसे अशी: स्टेशनमास्तर धोंडूराव, हुबेहूब चेहरा, उंची एक वीत. देवाखालोखाल तेच. होणाऱ्या व्याह्यांचा असा सन्मान मुलुंडमध्ये कोणी केला नसेल. त्यांच्या शेजारी मी, एक बोट कमी. (टोपी घातल्यावर बरोबरी होते, पण नम्रता दिसली म्हणजे झाले.) नंदू चार बोटे. क्षमा तीन. रत्नप्रभा विहिरीवर, पाठमोरी, अडीच. पाठमोरीला चेहरा करावा लागत नाही, तेवढाच कारागिराचा वेळ वाचतो.
अंबादासला वेगळे काही नको. बाकावरचा जर्मन आहे, तोच अंबादास. त्याला स्टेशनाच्या मुतारीमागे बसवले.

२ ऑगस्ट
भांडुपला धर्मा मूर्तिकाराच्या गणपतीच्या कारखान्यात गेलो. धोंडूरावांचा फोटो दिला (स्थळाबरोबर आलेल्या फोटोतून कापून घेतला, जानकीबाईंचा खांदा थोडा कापला गेला). धर्मा डोळ्यांपर्यंत कामात. म्हणाला, सीझनला असले नवे पुतळे कोण करतो, बाकीची बारकी माणसं करून देतो, पण तो मोठा हवा तर तयार साच्यातला घ्या, मुंडकं तेवढं बदलून देतो. शाडूच्या देहाला चेहराच काय तो महत्त्वाचा. मी हो म्हटले.

१५ ऑगस्ट
मी शिकवतो त्या शाळेत झेंडावंदन. तिथून कारखाना.
धोंडूराव तयार आहेत. चेहरा अप्रतिम, भुवईच्या वरचा मससुद्धा. साचा कृष्णाचा निघाला. म्हणजे धोंडूराव उजवा पाय डाव्या पायावरून टाकून कमरेत वाकून उभे आहेत आणि मुरलीच्या जागी हिरवी झेंडी धरली आहे. पांढरा रेल्वेचा कोट, पण छाती उघडी राहिली होती, ती धर्माने रंगाच्या बटणांनी बंद केली.
आधी जरा दचकलो. मग लक्षात आले, गाडी सुटण्याच्या क्षणी स्टेशनमास्तर असाच एका पायावर उभा असतो. निरीक्षण लागते.
रत्नप्रभा पदर तोंडाला लावून मोरीत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. बहुधा भारावली.

३१ ऑगस्ट, रविवार
खाटेवर ट्रायल. धोंडूराव प्लॅटफॉर्मवर ठेवले. प्लॅटफॉर्म त्यांच्या एका पावलाएवढा, दुसरे पाऊल हवेत (साच्याचा गुण). झेंडीचा हात रुळावर येतो. इंजिन झेंडीला अडकले, धोंडूराव हलले, मी धरले.
क्षमाने परत सत्त्याऐंशीवा भाग काढला. म्हणाली, बाबा, तो पुतळा काढा, मी हात जोडते. दोन्ही हात खरेच जोडले होते. मुली लग्न ठरत आले की हळव्या होतात.
उपाय मीच शोधला. गाडी सावकाश गेली की झेंडीला अडकते. वेगात सोडली की अडकायच्या आत निघून जाते. चार फेऱ्या केल्या. तीनदा निघून गेली. चौथ्यांदा वेग पुरेसा नव्हता.
पायाला खळ लावली.

४ सप्टेंबर
अंबादास बोट पकडायच्या आधी भेटायला आला. (आता दिवाळीनंतर जाणार म्हणतो. कंपनी त्याला पोसते कशी?) लेआउट पाहिले, मुतारीमागे वाकून स्वतःलाही पाहिले. रागावेल असे वाटले होते. उलट हसला. म्हणाला, "भावोजी, ह्या गाडीत चढू शकेल असा सगळ्या मुलुंडात मी एकटाच आहे ना."
फिटर तो फिटरच.

७ सप्टेंबर, रविवार, गणेश चतुर्थी
गणपती बसले. लेआउट चार जणांनी खाली नेले. सोसायटी बघायला लोटली. गाय सर्वांना आवडली. शहांच्या बायकोने विचारले, हा झेंडीवाला कृष्ण कोण आहे. मी म्हटले, मंगळवारी कळेल.
चंद्रप्रकाश म्हणाले, परबभाय, गाडीपेक्षा माणूस मोठा, तो आत कसा बसणार? मी म्हटले, स्टेशनमास्तर गाडीत बसत नसतो, गाडी सोडत असतो.

९ सप्टेंबर, मंगळवार
सविस्तर लिहितो, कारण लोक पुढे काहीही सांगतील.
राणे मंडळी आरतीला हजर. धोंडूराव, जानकीबाई, नंदू. रत्नप्रभेने सुपारी आणि नारळ ताटात घालून वर तयार ठेवले होते. आरती झाली. मी दोन शब्द बोललो, लेआउटवर पडदा होता तो ओढला, धोंडूरावांना दाखवून म्हटले, आपली पायरी ओळखा. म्हणजे योग्यता, अशा अर्थी. धोंडूराव पाहत राहिले. कमरेकडे जास्त पाहत होते. नंदूने क्षमाकडे पाहिले, क्षमाने जमिनीकडे.
ट्रान्सफॉर्मर पुरा फिरवला. गाडी बोगद्यातून बाहेर आली ती वाऱ्यासारखी. एवढ्या वेगात झेंडीला अडकण्याचा प्रश्नच नव्हता. ती सरळ धडकली. धोंडूराव रुळावर आडवे झाले. शाडू कच्ची होती, मान तुटली. वाघीण मोकळी होती आणि मुंडके नेमके तिच्यात पडले. मग गाडी थांबायला हवी होती. जर्मन माल, थांबली नाही. मुंडके वाघिणीत बसून गणपतीपुढे एक पूर्ण प्रदक्षिणा घालून स्टेशनात आले. चेहरा पुढे करून, मससुद्धा दिसत होता.
लोकांनी टाळ्या वाजवल्या. देखाव्यातलेच आहे असे त्यांना वाटले. वन्स मोअर आला.
धोंडूराव तेवढे शांत. नोकरीत लोकांना रुळावर पाहण्याची सवय असणार. म्हणाले, "मास्तर, आधी करंट बंद करा." माझे बोट ट्रान्सफॉर्मरवर होते, पण उलट फिरले. दुसरी प्रदक्षिणा झाली.
जानकीबाई गळ्यातले मंगळसूत्र मुठीत धरून उभ्या होत्या. तशाच रिक्षात बसल्या. सुपारी वरच राहिली.
दोष धर्माचा. मातीत काथ्या कमी घातला.

११ सप्टेंबर, विसर्जन
धोंडूरावांचे काय करायचे हा प्रश्न. भंगलेली मूर्ती घरात ठेवत नाहीत. केरात टाकणे अपमानास्पद. शेवटी व्याही आहेत. शास्त्र एकच सांगते: जलात विसर्जन. मी देह आणि मुंडके तांदळांसह एका पाटावर ठेवून गणपतीच्या हातगाडीवर चढवले. हार घातला. लोकांना आधी चमत्कारिक वाटले, मग सवय झाली.
तलावावर मंडळाच्या माणसांनी गणपतीपाठोपाठ धोंडूरावांनाही बुडवले आणि 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हटले. मीही म्हटले. रीत आहे.
काठावर जानकीबाईंच्या मुलुंडच्या नणंदबाई उभ्या होत्या. नमस्कार केला. त्यांनी तोंड फिरवले. एवढा सोपस्कार केलेला पाहून गहिवरल्या असाव्यात.

१४ सप्टेंबर, रविवार
निरोप आला. नकार. माझ्या नवऱ्याला गणपतीसमोर गाडीखाली घातला, वर पाण्यात सोडून परत या म्हणून सांगितलं, असल्या घरची मुलगी नको, असा आशय.
क्षमा तीन दिवस जेवलेली नाही. नववे स्थळ होते, दहावे येईल, अशी मी तिची समजूत काढली. ती म्हणाली, "मला दहावं नकोय बाबा. मला नंदू हवाय. दोन वर्षांपासून." मग सगळे कळले. दोघे घाटकोपरला एकाच बसस्टॉपवर. नववे स्थळ हे पहिले होते आणि आईला माहीत होते. साखरेचेही आता समजले.
मला कोणी सांगितले नाही. बरोबरच आहे, सांगितले असते तर मला लेआउटवर लक्ष देता आले नसते.

२१ सप्टेंबर, रविवार
परिस्थिती हाती घेतली. जानकीबाईंना स्वतः कळवले, की प्रतिमा म्हणजे माणूस नव्हे, हे आपल्याकडे फार पूर्वी सिद्ध झाले आहे. तरीही त्यांच्या समाधानासाठी प्रायश्चित्त म्हणून धोंडूरावांचा दोन वितींचा नवा पुतळा करून देतो, आणि तो रुळापासून लांब ठेवतो.
अजून उत्तर नाही. विचार करीत असतील.

५ ऑक्टोबर, रविवार
अंबादास त्याची बायको सुनंदा हिला घेऊन राण्यांकडे जाऊन आला. मला नेले नाही. मुलीचा बाप फार वाकलेला दिसू नये, म्हणून. तिकडे चार तास बसले, जेवले. नंदू म्हणे आईला म्हणाला, करीन तर हीच. धोंडूरावांनी एवढेच विचारले, की माझी मान नंतर नीट बुडाली का.
जमले! लग्न सात डिसेंबरला.
एकच अट आहे. अंबादास ती सांगताना माझ्याकडे बघत नव्हता. जानकीबाईंचे शब्द जसेच्या तसे सांग म्हटले, तेव्हा सांगितले: "ज्या हातान माझ्या घोवाच्या आंगार गाडी घातली, त्या हातान सोडलेला पाणी आमका नको."
म्हणजे कन्यादान मी करायचे नाही. अंबादास आणि सुनंदा करणार. मामा-मामी, शास्त्राला चालते. मला विचारले असते तर मीच सांगितले असते. विचारले नाही.
रत्नप्रभा रडली. पण म्हणाली, होऊ दे. क्षमाने सकाळपासून पहिल्यांदा दोन पोळ्या खाल्ल्या.
एक मात्र आहे. जानकीबाई माझ्या हाताचा प्रभाव मानतात. असे किती हात असतात?

१६ नोव्हेंबर, रविवार
मंगलाष्टके रचतो आहे. शार्दूलविक्रीडित, आठ. नवव्यात वधूपित्याचा उल्लेख ओघाने आला. कन्यादान नाही तर नाही, मंगलाष्टके म्हणण्यावर अट नाही.
संध्याकाळी क्षमा जवळ येऊन बसली. बऱ्याच दिवसांनी. म्हणाली, "बाबा, हॉलवर मुलं फार धुडगूस घालतात. मुहूर्तावर तर ऐकतच नाहीत. तुम्ही गाडी घेऊन याल? मागच्या खोलीत लावू. तुम्ही असलात की मुलं एका जागी बसतील."
पाहा. शेवटी लेआउटची योग्यता पोरीला पटली. मी लगेच हो म्हटले. तिने माझ्या हातावर हात ठेवला, मग काढून घेतला.
पुतळे नेणार नाही. नुसती गाडी आणि गाय.

७ डिसेंबर, रविवार
लग्न झाले.
हॉल मुलुंड स्टेशनजवळ. मागच्या खोलीत खुर्च्या रचून ठेवतात, तिथे टेबल दिले. मुले पन्नासएक. गाडी थांबली की ती ओरडत दाराकडे धावत, म्हणून थांबवता येत नव्हती. रत्नप्रभा एकदा दारातून सांगून गेली, की अंतरपाट धरला. भटजी कुठले तरी छापील मंगलाष्टक म्हणत होता, दुसऱ्या ओळीत यतिभंग होता. माझी नऊ खिशात होती. शुभमंगल सावधान ऐकू आले. वाजंत्री ऐकू आली. मी अक्षता मुठीत धरल्या होत्या, पण तिथून मांडवात पोचणार नाहीत म्हणून इंजिनावर टाकल्या. त्या चाकात गेल्या आणि गाडी बंद पडली. मुले पळाली.
टेबलाखाली शिरून तार तपासत होतो. पाय बाहेर होते. कोणीतरी पायाला हात लावला. पुन्हा एखादी कार्टी, म्हणून मी आतूनच ओरडलो, चल हो चालती. मागाहून रत्नप्रभेने सांगितले. निघताना पाया पडायला क्षमा आली होती. बाहेर गाडी थांबून होती, म्हणून गेली.
धोंडूराव जाताना डोकावले. मला जेवलात का विचारले. जेवलो म्हटले. तोवर शेवटची पंगत उठली होती.
मग वरपक्षाकडचे एक गृहस्थ, कळव्याचे, हात पुसत आत आले. मुलं एकदम खूश होती, म्हणाले. मुलीकडच्यांनी माणूस चांगला आणला. त्यांच्या पुतण्याची मुंज आहे माघात. याल का म्हणाले. गायही आणा.
मी वधूपिता आहे असे सांगून पाहुण्यांना लग्नघरात कानकोंडे करणे बरे दिसले नसते.
माघ मोकळा आहे म्हटले.